गंधकीकरण? कशाचं?

प्रश्न आला आहे: 'कृत्रिम रबराच्या व्हल्कनायझेशनची कायनेटिक्स मोजली, हे मराठीत गंधकीकरणाची गती मोजली असं लिहावं का?'

नका लिहू. व्हल्कनायझेशन म्हणजे रबर पक्कं करणं; त्याला 'गंधकीकरण' म्हटलेलं ऐकून कान किटले. निओप्रीन हे कृत्रिम रबर पक्कं होतं ते जस्त आणि मॅग्नेशियम यांच्या ऑक्साइडांनी. गंधक लागतच नाही. ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराला पेरॉक्साइड पुरतं. बरं, मूळ शब्दातही गंधक नाही. इंग्लंडमधला रबर-उद्योजक थॉमस हॅनकॉक याच्या चित्रकार मित्राने, विल्यम ब्रॉकेडनने, १८४०च्या दशकात नाव सुचवलं ते रोमन अग्निदेव व्हल्कनवरून. तेव्हा 'व्हल्कनीकरण'च लिहा.

गंधकाचंच प्रेम असेल तर त्याचं खरं देखणं नाव घ्या: शुल्बारि. शुल्ब म्हणजे तांबं, त्याचा अरि, म्हणजे शत्रू. रसशाळेत तांब्याचं भस्म करताना गंधक लागतो, तिथलं हे नाव. 'सल्फर' त्यातूनच निघाला असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांनी लॅटिनमधलं 'सल्पुर' हे जुनं रूप आधी पाहावं. नुसत्या उच्चारसाम्याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. पण शुल्ब म्हणजे दोरीसुद्धा, यज्ञवेदी आखायच्या शुल्बसूत्रांतली मोजायची दोरी! कोशांत दोन्ही अर्थ शेजारी असतात, दुवा सांगितलेला मला दिसला नाही. माझ्या मते तो तारेत आहे. तांबं ओढलं की दोरीसारखं लांबतं, म्हणून दोरीचं नाव धातूला मिळालं असावं; पण हा माझा नुसता तर्क.  आणि तांब्या-गंधकाचं हे वैर रबरातही दिसलं: गंधकाने पक्क्या केलेल्या रबराचं वेष्टण तांब्याच्या तारेवर चढवायचं तर आधी तारेला कथिलाचा मुलामा देत, नाहीतर तांबं काळं पडे.

राहिली 'गती'. कायनेटिक्स, म्हणजे अभिक्रिया किती वेगाने होते ते पाहणारं शास्त्र, त्याला 'गतिकी' ठीक, पण मोजतात तो दर. रबर कसं पक्कं होतं ते मोजणाऱ्या रिओमीटर या यंत्रात तापलेल्या साच्याचा खालचा भाग अर्धा अंश इकडे-तिकडे हलत राहतो, मिनिटाला सुमारे १०० वेळा. रबराच्या साखळ्या एकमेकींना जखडत गेल्या की साचा हलवायला लागणारा पीळ वाढतो. (टॉर्कला पीळच म्हणा, सुंभ जळला तरी जात नाही तो.) एकूण वाढीपैकी ९० टक्के वाढ व्हायला लागलेला वेळ म्हणजे टी-९०. तीन-चार तापमानांना हेच करून दर काढले की त्यांवरून सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा, मिळते. म्हणून लिहा: 'व्हल्कनीकरणाचा दर मोजला.'