नवी जात शोधण्याआधी फ्रँक वॉल वाच

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीत सापाची एखादी नवी जात शोधावी, ही तुझी इच्छा पत्रातून कळली. ती जरूर बाळग. पण त्याआधी सापांचे अभ्यासक फ्रँक वॉल यांचे लेखन नीट वाच, असे मी आग्रहाने सांगेन. जे साप सगळ्यांना ठाऊक आहेत असे आपण धरून चालतो, त्यांच्याविषयी किती शोधायचे बाकी असते, हे वॉल यांच्याइतक्या चिकाटीने फार थोड्यांनी दाखवले आहे.

वॉल यांचा जन्म १८६८ सालचा, श्रीलंकेतला. ब्रिटिश भारतातल्या सरकारी वैद्यकीय सेवेत, म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, ते १८९३ साली डॉक्टर म्हणून दाखल झाले आणि १९२५ पर्यंत, जिथे बदली होईल तिथले साप तपासत राहिले. फैजाबादच्या सापांवरचा त्यांचा १९०७ चा लेख मिळवून वाच. नमुना कितीही सामान्य असो, त्याची लांबी, नर की मादी, खवल्यांच्या ओळी, पोटात सापडलेले भक्ष्य आणि मादी असल्यास अंडी, हे सारे ते टिपून ठेवत. याच सवयीतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९०५ पासून त्यांची नेहमीच्या भारतीय सापांवरची लेखमाला आली, आणि मला तीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. धामण, दिवड, नानेटी यांच्या सवयी आणि प्रजनन यांविषयी इतके तपशीलवार लेखन त्याआधी झाले नव्हते.

आता कवड्या आणि मण्यार यांचेच बघ. दोघेही रात्री हिंडणारे, दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे. केवळ रंगावर विसंबून बिनविषारी कवड्याला मण्यार समजून मारले जाते आणि क्वचित मण्यारीला कवड्या समजून हात लावला जातो. वॉल यांनी खवल्यांकडे बघायला शिकवले. मण्यारीच्या पाठीवर अगदी मधोमध जाणारी खवल्यांची ओळ बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षट्कोनी असते, कवड्याची तशी नसते. शिवाय शेपटीखालचे खवले मण्यारीत अखंड, तर कवड्यात दुभागलेले असतात. नागाच्या वरच्या ओठावरचा तिसरा खवला नाकपुडीजवळच्या खवल्याला आणि डोळ्याला, दोन्हींना टेकलेला असतो. विषारी साप ओळखण्यावरचे त्यांचे पुस्तक सोसायटीनेच प्रसिद्ध केले आणि त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

मात्र त्यांची कार्यपद्धती जशीच्या तशी उचलू नकोस. साम्राज्याच्या नोकरीतल्या डॉक्टरला साप मारून जमवण्याची जी मोकळीक होती, ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याला नाही, आणि ती नसावी हेच मला योग्य वाटते. रस्त्यावर वाहनाखाली मेलेला सापही वनविभागाच्या परवानगीविना घरी आणू नकोस. मेलेल्या सापाच्या दातांनीही विष भिनू शकते, म्हणून डोक्याला हात लावणे टाळ. लांबूनच डोके, पाठ आणि शेपटीखालचा भाग यांची स्वच्छ छायाचित्रे घे आणि तारीख, वेळ, जागा जागच्या जागी लिहून ठेव.

सर्पतज्ज्ञ माल्कम स्मिथ यांचा भारतीय सापांवरचा १९४३ चा ग्रंथ त्यानंतर हाती घे, म्हणजे वॉल यांची कोणती निरीक्षणे टिकली आणि कोणती नावे बदलली हे तुझे तुलाच पडताळता येईल. सुरुवात कवड्यापासून कर. या पावसाळ्यातल्या तुझ्या नोंदी मला पाठव. मी त्या छायाचित्रांशी ताडून बघून कळवीन.

तुझा हितचिंतक