बायनरीला द्विअंकी म्हणू नका हो

प्रश्न असा आलाय की मुलाच्या कॉम्प्युटरच्या नोट्समधे बायनरीला 'द्विअंकी संख्यापद्धती' म्हटलंय, ते बरोबर आहे का. साफ चूक. इथे नाशकात कॉलेज रोडच्या क्लासेसमधे हेच शिकवतात आणि दरवेळी ऐकलं की माझं डोकं फिरतं. द्विअंकी म्हणजे १० ते ९९ च्या संख्या, नाहीतर दोन अंकांचं नाटक. बायनरी म्हणजे द्विमान, दशमान तसं द्विमान: दशमानात घरं दहापटीने वाढतात, १, १०, १००, तशी द्विमानात दुपटीने. काही जाणकार म्हणतात ० आणि १ असे दोनच अंक वापरतात म्हणून द्विअंकी चालेल, मग त्याच न्यायाने दशमानाला दहाअंकी म्हणा की! दहाअंकी तर मोबाईल नंबर असतो.

पण द्विमान समजायला खरा कामाचा शब्द आहे पावली. पाव हा संस्कृत 'पाद' वरून आला, पाद म्हणजे पाय, आणि जनावराला पाय चार म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. पाऊण म्हणजे पादोन, एक पाद कमी, आणि सव्वा म्हणजे सपाद. पावली म्हणजे पाव रुपया, चार आणे.

१९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे १६ आणे. आमच्या आजीच्या पितळी डब्यात अजून आहेत, कंगोऱ्यांचा आणा, चौकोनी चवली म्हणजे दोन आणे, पावली चार आणि अधेली आठ. १, २, ४, ८, ही तर द्विमानाची घरं झाली! प्रत्येकी एकच नाणं घ्या, १ ते १५ मधली कुठलीही रक्कम होते. तेरा आणे द्यायचे तर अधेली आहे, पावली आहे, चवली नाही, आणा आहे, म्हणजे ११०१. कॉम्प्युटरही आहे-नाही एवढंच बघतो. माझं तर ठाम मत आहे की हे सगळं तराजूतून आलं, निम्मं निम्मं करत जाणं सगळ्यात सोपं, शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक ही जुनी वजनं, प्रत्येक आधीच्याच्या निम्मं, तिथेही शेराचे छटाक सोळाच. त्यामुळे बायनरी मराठीतून शिकवता येत नाही म्हणणाऱ्या विद्वानांनी आधी आपल्या घरातले जुने डबे उघडावेत.

आणि षोडशमान, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांची सोळाच्या पटीची मोजणी (हेक्साडेसिमल), म्हणजे सोळा आणे, रुपया झाला की हातचा पुढे. 'नाशिक' मधल्या क चा युनिकोड नंबर, म्हणजे कॉम्प्युटरवर त्या अक्षराला दिलेला नंबर, षोडशमानात ०९१५, मी तो काल टेबलावर एकेका अंकाला एकेक घर करून नाण्यांनी मांडला: पहिलं घर रिकामं, मग अधेली आणि आणा, मग नुसता आणा, मग पावली आणि आणा.