वाटीची कटकट

बाय,

तुझी आई काल पडवीत येऊन रडली. पोलीस भरती तोंडावर आलेली आणि तू पंधरा दिवस पळायला गेली नाहीस. का, तर पाखाडीच्या पायऱ्या उतरताना गुडघा कटकट वाजतो आणि शेजारची काकू म्हणाली, वंगण संपलं. वंगण संपायला तो काय डिझेलचा पंप आहे? मी एवढंच विचारलं, दुखतं का? आईला माहीत नव्हतं. आवाजाचं मात्र सगळ्या वाडीला माहीत!

बोट ओढल्यावर टक् होतं, ते वेगळं. सांध्यातल्या चिकट रसात वायू विरघळलेला असतो. हाडं ताणली की दाब उतरतो आणि पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडात एमआरआयखाली बोटं ओढून हे पाहिलं. तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, वीसेक मिनिटं जावी लागतात. तुझा गुडघा तर पायरीपायरीला वाजतो, म्हणजे हा बुडबुडा नव्हे. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकते, तिथली कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर, जरा खरबरीत असली की किरकिरते. दुखत नसेल तर वाजू दे.

माझा गुडघा कधीच वाजला नाही. बाविसाव्या वर्षी कबड्डीत पिरगळला, रात्रीत शहाळ्यासारखा फुगला, मध्येच अडकायचा, सरळच होईना. पण आवाज नाही ना, मग काय झालंय! चौथ्या दिवशी शिमग्याची पालखी खांद्यावर घेऊन नाचलो. आतली गादी फाटली होती, हे सहा महिन्यांनी कळलं. लोक हट्टी म्हणतात. असेन. पण सगळे चाकरमानी गावात आलेले, देव दारात, आणि मी जोत्यावर बसून राहायचं? तू असतीस तर बसली असतीस?

ते राहू दे. आवाज मोजू नकोस, दुखणं मोज. सूज आली, गुडघा अडकला, पायातला जोर अचानक गेला, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा, माझ्यासारखी सणावर टाळू नकोस. यातलं काही नसेल तर काकूचं तेल तिलाच परत दे आणि मांडी बळकट कर. पाठीवर पड, एक पाय दुमड, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचल, पाच आकडे धर. वाजला तरी धर.

आठशे मीटर एकदम नको. रविवारी ओहोटीला किनाऱ्यावर ये, ओल्या घट्ट वाळूत निम्मंच पळ. घड्याळ मी आणतो. माझ्यासाठी थांबू नकोस, मला पाखाडी उतरायला वेळ लागतो.