वडिलांचा डावा कान अचानक गेला. शुगर असताना ६० मिलिग्रॅम स्टिरॉइड द्यावं का?

गोळ्या आणून ठेवल्यात, पण भीतीपोटी अजून सुरू केल्या नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या ॲलर्जीच्या सर्दीला स्टिरॉइडची गोळी द्यायला नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांनीच वडिलांना ६० कसे लिहून दिले, असंही विचारलंय. म्हणून आधी एवढंच सांगतो: आजच त्या डॉक्टरांना आणि शुगरच्या डॉक्टरांना, दोघांनाही फोन करा. सोमवारपर्यंत थांबू नका. मी स्वतः कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे डोस ठरवणं माझ्याकडे नाही. पण असं का लिहून दिलं असेल, ते सांगू शकतो.

झोपून उठल्यावर एक कान बंद वाटला की बहुतेक जण मळ समजून तेल घालतात आणि त्यात आठवडा जातो. आम्ही आधी कानात बघतो. पडदा स्वच्छ दिसला तर ट्यूनिंग फोर्क (वाजवल्यावर घुमणारा धातूचा चिमटा) वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवतो आणि विचारतो, "आवाज कुठं येतोय?" मळ किंवा पाणी असेल तर आवाज बंद कानात मोठा येतो. नस किंवा आतला कान दुखावला असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. पेशंटने चांगल्या कानाकडे बोट दाखवलं की मी त्याच दिवशी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतो. ७२ तासांच्या आत लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त घट झाली असेल, तर त्याला आम्ही अचानक आलेला बहिरेपणा म्हणतो.

यात स्टिरॉइड सुरू करायचं ते पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितकं लवकर तितकं बरं. रोजचा डोस साधारण वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६०, दहा ते चौदा दिवस, मग उतरवत न्यायचा. म्हणजे तुम्हाला प्रचंड वाटलेला आकडा नेहमीचाच आहे. खरं सांगायचं तर या उपचाराचा पुरावा फार भक्कम नाही, आणि काहींचा कान औषधाविनाही सुधारतो. पण कोणाचा सुधारेल हे आधी कळत नाही आणि वेळ टळली की कान परत मिळणं अवघड होतं. म्हणून मी तरी देतो.

शुगरचं तुमचं भय रास्त आहे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, पेशंट मी पाहिलेत. वाढलेली शुगर आणि स्टिरॉइड एकत्र आलं की काय होतं, ते विसरता येत नाही. सकाळी नाश्त्यानंतर गोळी घेतली की शुगर दुपारनंतर चढते. उपाशीपोटीची चांगली येते आणि घरचे निर्धास्त होतात! दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. काही दिवस इन्सुलिन लागू शकतं, ते शुगरचे डॉक्टर ठरवतील. बीपी, अल्सर, काचबिंदू, पूर्वीचा टीबी यांपैकी काही असेल तर न विचारताही सांगा. शुगर आधीच फार वर असेल, तर पडद्यातून कानात स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं का, हे जरूर विचारा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५० रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात ते गोळ्यांपेक्षा कमी ठरलं नव्हतं. त्याचा शुगरवर परिणामही बराच कमी होतो.

आता तुमचं नाक. ॲलर्जीच्या सर्दीला गोळीने दोन दिवसांत इतकं मोकळं वाटतं की पेशंट पुढच्या वेळी जुनी चिठ्ठी घेऊन थेट मेडिकलमध्ये जातो. असे कोर्स वर्षात चार-पाच झाले की हाडं, डोळे, शुगर सगळ्यावर त्याचा भार पडतो. त्या सर्दीला रोजचा स्टिरॉइड स्प्रे पुरतो, कारण त्यातलं औषध रक्तात फारच थोडं जातं. नाकात मोठे पॉलिप (मऊ कोंब) असतील, वासच येत नसेल, तर आठ-दहा दिवसांचा कोर्स मीही देतो, पण परिणाम काही महिनेच टिकतो आणि स्प्रे चालूच ठेवावा लागतो. तुम्हाला नाही म्हणणारे डॉक्टर वडिलांना ६० देतायत, यात मला विसंगती दिसत नाही.

वडिलांना झोप कमी लागेल, चिडचिड होईल, भूक वाढेल. हे तात्पुरतं असतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू देऊ नका. नसेवर गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय सांगतील, तोही टाळू नका. आणि पुढचा ऑडिओग्राम कोणत्या तारखेला, ते आजच्या फोनवरच विचारून घ्या.