घास पुढे आला की

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

इथिओपियातल्या बहिर दार शहरातली नेमणूक पक्की झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. करार, व्हिसा, पिवळ्या तापाची लस हे सगळं तू नीट करशीलच. मी लिहितेय ते जेवणाबद्दल. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून आपले शिक्षक तिकडे जात आलेत, त्यामुळे तिथे कुणी ना कुणी वडीलधारं भेटतंच, जे म्हणतं, मला गणित भारतीय मास्तरांनी शिकवलं. पाठोपाठ जेवायचं बोलावणं येतं. आपली बरीच मंडळी अशा वेळी काहीतरी कारण सांगून क्वार्टरमध्ये वरणभात शिजवत बसतात. पहिलं वर्षभर मीही तेच केलं. ते वर्ष वाया गेलं असं मला आजही वाटतं. तू बोलावणं टाळू नकोस.

वेळ मात्र नीट समजून घे. शेजारच्या कुटुंबाने मला पहिल्यांदा बोलावलं ते ‘सात वाजता’. मी संध्याकाळी सातला गेले. ती माणसं दुपारी एकपासून खोळंबली होती. तिथे दिवसाचे तास सकाळपासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आपला दुपारचा एक म्हणजे त्यांचे सात. धाकटी मुलगी वाट बघून झोपून गेली होती. कुणी एका शब्दाने बोललं नाही, पण मला ते अजून बोचतं. म्हणून आधीच विचार, ‘हबेशा की फरेंज?’ म्हणजे त्यांच्या घड्याळाने की परक्यांच्या. फरेंज म्हणजे आपलाच फिरंगी.

तू मांस खात नाहीस याची काळजी करू नकोस. ‘त्सोम’ हा शब्द पाठ कर, उपवास. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरआधी सलग 55 दिवस मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य असतं, त्यामुळे उपवासाचा स्वयंपाक तिथल्या प्रत्येक बाईच्या हातात बसलेला आहे. बहिर दार ताना तळ्याकाठी आहे, उपवासातही काही घरांत मासा चालतो, तेवढं विचारून घे. बाकी शिरो ताटात आला की तुला घर आठवेल. आपल्या शिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, तो डाळींच्या पिठाचा, तिखट, थेट पिठल्याच्या घरातला. इंजेरा म्हणजे तेफ या तिथल्या बारीक धान्याच्या पिठाची, दोन-तीन दिवस आंबवलेली परातीएवढी आंबोळी. पहिल्या घासाला आंबट लागेल. तिसऱ्या-चौथ्या जेवणानंतर तिच्याशिवाय चैन पडणार नाही.

आता खरी गोष्ट. जेवणाआधी घरातलं एखादं मूल तांब्यासारखं भांडं घेऊन तुझ्या हातावर पाणी घालेल. मग सगळ्यांसाठी एकच मोठं ताट येईल. उजव्या हाताने, आपल्या पुढ्यातलंच खायचं, बोटं चाटायची नाहीत, एवढं सांभाळलंस तरी पुरे. खरी अडचण आपल्या मनातल्या उष्ट्याची असते. लहानपणापासून ‘उष्टा हात लावू नको’ ऐकत वाढलेलो आपण, आणि इथे पाच-सहा हात एकाच इंजेऱ्यावर. माझा हात तिथे थांबला होता. तेवढ्यात घरातल्या आजींनी इंजेऱ्याचा तुकडा तोडला, त्यात मसूर गुंडाळली, घट्ट घास केला आणि माझ्या ओठांपाशी धरला. बोटांना लाल बर्बेरे, म्हणजे तिथला तिखट मसाला, लागलेलं होतं, हात जरासा थरथरत होता. याला गुर्शा म्हणतात. मला माझ्या लग्नातली घास भरवायची पंगत आठवली, आणि मी तोंड उघडलं. एकच गुर्शा देऊन कुणी थांबत नाही, एकाने वितुष्ट येतं म्हणतात, दुसरा येतोच. तो नाकारू नकोस. पोट भरलं असेल तर पुढचे घास लहान घे, पण तो हात परत पाठवू नकोस. आणि धीर झाला की तूही एक घास कर, घरातल्या सर्वांत वडील माणसाला आधी दे.

जेवण झालं की लगेच उठू नकोस. कॉफी असते, आणि ती हिरव्या दाण्यांपासून सुरू होते: तुझ्यासमोर भाजतात, धूर तुझ्या नाकापाशी आणतात, कुटतात, मग मातीच्या जेबेनात, म्हणजे कॉफीच्या सुरईत, उकळतात. वाढप तीनदा होतं. अबोल, तोना, बरका. बरका म्हणजे बरकत. त्या तिसऱ्या कपाआधी निघालेला पाहुणा त्यांच्या मनाला लागतो, म्हणून त्या दिवशी दुसरं काही काम ठेवूच नकोस.

परत त्यांना बोलावायला विसरू नकोस. शुक्रवारी बोलाव, पिठलं-भाकरी कर. आजी माझ्याकडे आल्या तेव्हा पिठलं चाखून ‘शिरो!’ म्हणाल्या आणि माझ्याच स्वयंपाकघरात मला गुर्शा दिला. ज्वारी तिथल्या बाजारात मिळते, माशिला म्हणून माग. पीठ नेऊन सामान जड करू नकोस. लोखंडी तवा मात्र आठवणीने ने.

तुझी,
मॅडम