ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डाच्या बॅलन्स ट्रान्सफरने ओव्हरड्राफ्ट (खात्यात शिल्लक नसताना बँकेकडून वापरलेले पैसे) फेडता येतो का?

साध्या बॅलन्स ट्रान्सफरने सहसा नाही. त्यात नवं कार्ड जुन्या कार्डाची थकबाकी फेडतं, खात्यात रोकड येत नाही. तुम्हाला हवं ते मनी ट्रान्सफर कार्ड. त्यातून पैसे थेट करंट अकाउंटला (तिथलं रोजच्या वापराचं बँक खातं) जमा होतात आणि ओव्हरड्राफ्ट भरून निघतो.

हिशोब बघा. 2020 पासून तिथल्या बऱ्याच बँकांचा ओव्हरड्राफ्टचा दर 40 टक्क्यांच्या आसपास आहे. 1,000 पौंड अडकले असतील तर महिन्याला जवळपास 28 पौंड नुसतं व्याज. मनी ट्रान्सफरची फी 4 टक्के धरली तर एकदाच 40 पौंड, आणि शून्य व्याजाची मुदत 12 महिने असेल तर दरमहा 87 पौंड भरून मोकळे. हप्त्याचं डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप हप्ता जाण्याची सोय) पहिल्याच दिवशी लावा, एक हप्ता चुकला तरी सवलत जाऊ शकते.

त्या कार्डाने एटीएममधून पैसे मात्र काढू नका, व्याज त्याच दिवसापासून चढतं. अर्जाआधी एलिजिबिलिटी चेकर (कार्ड मिळण्याची शक्यता किती ते दाखवणारं ऑनलाइन साधन) वापरा, त्याने क्रेडिट स्कोअरला धक्का लागत नाही. आणि ओव्हरड्राफ्ट फिटला की बँकेला सांगून त्याची मर्यादा कमी करून घ्याच. नाहीतर दोन्हीकडे कर्ज होतं.