तिआनजिनची हवा: "मार्चनंतर या" यावर विसंबू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. नवऱ्याची चीनमधल्या तिआनजिनला बदली, पाच वर्षांच्या मुलाला बालदमा, आणि कंपनी म्हणते, "हिवाळा तेवढा टाळा, मार्चनंतर हवा छान असते." 2016 मध्ये हेच वाक्य मला ऐकवलं होतं. आम्ही बिनहाईला, समुद्राच्या बाजूला, तीन वर्षं राहिलो. गेलो तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती.

मास्क आणि प्युरिफायर कोणता घ्यायचा ते तुम्ही वाचलंच असेल, ते सोडते.

हिवाळ्याबद्दल कंपनी खरंच सांगतेय. 15 नोव्हेंबर ते 15 मार्च हा तिथला सरकारी हीटिंगचा, म्हणजे घरं गरम ठेवण्याचा काळ, कधी आधी सुरू होतो, कधी लांबतो. त्यात वारा पडला आणि वर उबदार हवेचा थर बसला की खालचा धूर हलतच नाही. डिसेंबर 2016 मध्ये प्रदूषणाचा रेड अलर्ट लागला होता, महामार्ग बंद, विमानं रद्द. आम्ही पाच दिवस दाराबाहेर पडलो नाही. मग वायव्येचा वारा सुटला आणि काही तासांत आकाश स्वच्छ.

माझी चूक त्यानंतरची. आमचं घर-शाळा बघणाऱ्या ऑफिसने एक पत्रक दिलं होतं, त्यात "प्रदूषणाचा काळ: नोव्हेंबर ते मार्च" असं छापलेलं. मी विश्वास ठेवला. 15 मार्चला प्युरिफायर पुसून, खोक्यात भरून माळ्यावर टाकला. 4 मेला मंगोलियाकडून आलेल्या धुळीने उत्तर चीन झाकून टाकला, तेव्हा तो धावत खाली काढावा लागला. तरी मी शहाणी झाले नाही. धूळ गेली, आता संपलं, असंच वाटलं.

जूनमध्ये बालवाडी सुटली की रोज तीन ते पाच मी तिला बागेत न्यायचे. निळं आकाश, समुद्रावरचा वारा, फोनवर पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, अगदी कमी. आणि रात्री तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज, धाप, उलटी होईपर्यंत खोकला. त्या ऑफिसला फोन केला तर म्हणाले, एसी सोसत नसेल. दुसऱ्यांदा म्हणाले, हवा उत्तम आहे, आकडा बघा. तीन आठवडे गेले. दोनदा मध्यरात्री तिला घेऊन हॉस्पिटल गाठलं. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, ही बाहेर किती वाजता खेळते?

ओझोन. उंचावरचा थर नव्हे, जमिनीलगतचा, श्वासाला त्रास देणारा वायू. हा धुरासारखा दिसत नाही. गाड्या, जहाजं, कारखाने यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि रिफायनरी-रंग-सॉल्व्हंटच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो. तिआनजिनला बंदर आहे, पेट्रोकेमिकल आहे, उन्हाळ्यात ऊनही भरपूर. शिवाय सकाळी समुद्राकडे गेलेली हवा दुपारच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर परत येऊ शकते. म्हणजे ज्या वाऱ्याला मी चांगला समजत होते, त्यातच मुलीला उभी करत होते. हे लिहिताना अजूनही घशाशी येतं.

तर, माझ्या मते (मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा): फोनवर नुसता एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा आकडा) बघू नका, त्याखाली "मुख्य प्रदूषक" लिहिलेला असतो तो बघा. हिवाळ्यात खिडक्या दुपारी, वारा असताना उघडा, पहाटे नको. मे ते सप्टेंबर बरोबर उलटं: सकाळी उघडा, दुपारी बंद, आणि खेळायला सकाळी किंवा दिवस मावळल्यावर. ओझोन मास्कने अडत नाही, पण बंद घरात बराच कमी होतो. प्युरिफायरवर आयोनायझरचं बटण असेल तर ते बंदच ठेवा, काही यंत्रं स्वतःच ओझोन सोडतात. हीटिंगने हवा फार कोरडी होते, रेडिएटरवर ओला टॉवेल टाकत जा.

आकड्यांवरून घोळ होतो म्हणून सांगते: आम्ही होतो तेव्हा चिनी मोजणीत पीएम 2.5 चं 24 तासांचं प्रमाण 75 मायक्रोग्रॅमला पोचलं की एक्यूआय 100 व्हायचा, अमेरिकी मोजणीत साधारण 35 लाच. भारतात 60 ला. त्यामुळे पुण्याचा 100 आणि तिथला 100 एक नव्हे.

आमच्यानंतर तिथला हिवाळी धूर बराच कमी झालाय, तेव्हा माझ्या डिसेंबरने घाबरू नका. उन्हाळ्याच्या ओझोनबद्दल मात्र मी तितकी निश्चिंत नाही.

मार्चनंतर नको, ऑगस्टअखेरीस जा. 1 सप्टेंबरला शाळा सुरू होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हीटिंगच्या आधी मुलाला रुळायला वेळ मिळतो. इनहेलरच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आणि फ्लॅट बिनहाईत बघताय की शहरात, तेवढं कळवा, मग शाळेच्या वेळांबद्दल आणखी सांगते.